नवतप्यातला हलता सा

नागपूरच्या धंतोलीतल्या एका छोट्या स्टुडिओत झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकाची गाणी रेकॉर्ड करायची होती, तीही नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत. गायक, ढोलकी, तबला आणि पेटी मुख्य इंटरफेसवर (माइकचा आवाज कॉम्प्युटरला आकड्यांत देणाऱ्या डब्यावर) घेतली. की-बोर्डाला इनपुट उरलं नाही, म्हणून दोन चॅनेलचा साधा यूएसबी इंटरफेस त्याच लॅपटॉपला लावला. लिनक्सवर जॅक सर्व्हर (आवाजाची ने-आण करणारा प्रोग्राम) मुख्य इंटरफेसवर चालू होता, 48000 हर्ट्‌झ आणि 128 सॅम्पलच्या पीरियडवर, म्हणजे सेकंदाला आवाजाची 48000 मोजमापं (सॅम्पल), 128-128 च्या खेपांनी. दुसऱ्या इंटरफेसचा आवाज 'अल्सा-इन' या प्रोग्राममधून जॅकमध्ये आणला होता.

की-बोर्डवाल्याने लांब सूर धरला आणि बोटं उचलली. "दादा, माझा सा हालून राहिला."

हेडफोन लावून ऐकलं. स्वर खरंच थरथरत होता, आणि मधूनच 'टक' असा आवाज येत होता.

दोन इंटरफेस म्हणजे दोन वेगळे क्रिस्टल, म्हणजे सॅम्पलचा ताल धरणारी दोन वेगळी घड्याळं. दोन्हींवर 48000 लिहिलं असलं तरी त्यांचा वेग तंतोतंत जुळत नाही. आमच्या जोडीत फरक दहा लाखांत 27 निघाला, म्हणजे सेकंदाला सुमारे 1.3 सॅम्पल. वेग दुरुस्त न करता जोडलं असतं तर 128 सॅम्पलचा फरक शंभरेक सेकंदांत साचला असता आणि टक ठरावीक अंतराने आली असती. इथे ती कधी चार सेकंदांनी यायची, कधी मिनिटभर यायचीच नाही. अशी अनियमित टक ऐकली की ड्रिफ्टच्या (घड्याळांतल्या हळूहळू साचणाऱ्या फरकाच्या) मागे वेळ घालवू नये, जिटर (वेळेतली अनियमित पुढेमागे) शोधावा.

सा हलण्याचं कारण आधी सापडलं. दोन उपकरणांतला पूल, म्हणजे इथे 'अल्सा-इन', बफरात (सॅम्पल तात्पुरते साठवायच्या जागेत) किती सॅम्पल साचले ते बघतो आणि त्यानुसार रिसॅम्पलिंगचा, म्हणजे सॅम्पल नव्या वेगात बसवण्याचा, वेग कमी-जास्त करतो. ही मोजणीच पुढेमागे होत असेल तर वेगही पुढेमागे होतो, आणि वेग बदलला की स्वर बदलतो. दुसरा इंटरफेस फुल-स्पीड (जुन्या, कमी वेगाच्या) यूएसबीचा होता. त्यात दर 1 मिलिसेकंदाला एक फ्रेम जाते आणि 48000 वर एका फ्रेममध्ये 48 सॅम्पल बसतात. 128 सॅम्पल म्हणजे 2.67 मिलिसेकंद. म्हणून पीरियड भरल्याची सूचना कधी 3 मिलिसेकंदांनी येते, कधी 2. यात कॉम्प्युटरचा काही दोष नाही, गणितच जुळत नाही. पुलाचा पीरियड 192 केला की बरोबर चार फ्रेम होतात.

'अल्सा-इन' काढून त्याच कामाचं 'झीटा-ए-टू-जे' लावलं: पीरियड 192, बफरचे तुकडे 3. हा प्रोग्राम प्रत्येक सूचनेची वेळ जशीच्या तशी मानत नाही, आधीच्या सूचनांवरून ती गुळगुळीत करून घेतो. सुरू करताना 'व्ही' हा पर्याय दिला की तो दोन आकडे छापत राहतो. पहिला सरासरी चूक, सॅम्पलमध्ये. तो पंधराएक सेकंदांत शून्याजवळ यायला हवा. दुसरा वेगाची दुरुस्ती, जी 1 च्या अगदी जवळ असते. आमच्याकडे ती 1.000027 वर स्थिरावली. सा हलायचा थांबला.

टक मात्र थांबली नाही. टेक सुरू होऊन सात-आठ मिनिटं झाली की पहिला आकडा 0.3 वरून एकदम 40 वर उडी मारायचा. चहाला थांबलो की शांत.

वायफाय बंद केलं. यूएसबीची झाडासारखी यादी काढली, तेव्हा बाहेरची हार्ड डिस्क आणि दुसरा इंटरफेस एकाच हबवर दिसले. ते वेगळे केले. थोडाच फरक पडला. प्रोसेसरचा गव्हर्नर (त्याचा वेग ठरवणारी सेटिंग) आधीपासून परफॉर्मन्सवर, म्हणजे जास्तीत जास्त वेगावर, होता.

चहाच्या वेळी आम्ही एसी लावत होतो. टेकला तो बंद, कारण माइकमध्ये त्याची घरघर येते. मग तापल्यामुळे प्रोसेसरने किती वेळा वेग पाडला ते मोजणारी 'कोअर थ्रॉटल काउंट' ही फाइल उघडून पाहिली. एका टेकमध्ये आकडा हजारोंनी वाढला होता. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग पाडतो, तिथे परफॉर्मन्स गव्हर्नरचं काही चालत नाही. 2.67 मिलिसेकंदांत रिव्हर्बसकट (घुमारा देणाऱ्या इफेक्टसकट) सगळं काम उरकायचं असतं, ते उरकेना, आणि पूल उशिरा जागा व्हायला लागला.

लॅपटॉप उघडला तर पंख्यामागच्या जाळीवर धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला. पंखा बोटाने धरून ब्रशने तो काढला. पंखा मोकळा सोडून हवा मारली तर तो भरधाव फिरतो आणि बेअरिंग जातं. टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग) बंद केला. कमाल वेग घटतो, पण रेकॉर्डिंगला कमाल वेगापेक्षा एकसारखा वेग मोलाचा. लॅपटॉप शेजारच्या खोलीत नेला, जिथे कूलर होता, आणि तीन मीटरच्या यूएसबी केबल ओढल्या. यूएसबी 2 ला पाच मीटरच्या पुढे जाऊ नये. कूलरचा थेट झोतही टाळला, त्या हवेत ओलावा असतो. त्यानंतरच्या बावीस मिनिटांच्या टेकमध्ये थ्रॉटलचा आकडा हलला नाही आणि चूक एका सॅम्पलच्या आतच राहिली.

पुलामुळे होणारा उशीर तेवढा उरला होता. मुख्य इंटरफेसच्या आउटपुटमधून आवाज आधी त्याच्याच इनपुटात घेतला, मग तीच केबल दुसऱ्याच्या इनपुटात लावली. 'जॅक-आयओडिले' या उशीर मोजणाऱ्या प्रोग्रामने मोजल्यावर फरक 610 सॅम्पलचा आला, म्हणजे 12.7 मिलिसेकंद. ढोलकीच्या थापेशी की-बोर्डाचा ठोका सुटायला एवढं पुरेसं आहे. की-बोर्डाचा ट्रॅक 610 सॅम्पल अलीकडे ओढला. दुसऱ्या दिवशी पूल नव्याने सुरू करून पुन्हा मोजलं, तेव्हाही 610 च आला.