ईस्टर, आइंडहोवन आणि बदकांची फायनल

एप्रिल २०१९ मध्ये नेदरलँड्सला जाऊनही मी ट्यूलिपच्या बागा पाहिल्या नाहीत. हे घरच्यांना अजून पचलेलं नाही. पण ईस्टरच्या सुट्टीत आइंडहोवनला युरो हॉकी लीगचे शेवटचे सामने होते आणि माझा मावसभाऊ तिथून सायकलच्या अंतरावर राहतो. चिप बनवायच्या यंत्रांच्या कारखान्यात तो नोकरीला आहे. त्या भागात निम्मं पुणे त्याच कामावर आहे असं वाटावं, इतकी मराठी मंडळी भेटतात. दारात बॅग ठेवतो न ठेवतो तोच वहिनींनी विचारलं, "भाऊजी, खडकीत हॉकी कमी पडली का?"

खरं तर पडलीच होती. धनराज पिल्ले ज्या खडकीत वाढला तिथेच मी वाढलो. आमच्याकडे हॉकी म्हणजे एक तर इंडियाची मॅच, नाहीतर खात्यांची टीम: रेल्वे, एअर इंडिया, आर्मी, पोलिस. पोरगा चांगला खेळायला लागला की घरचे पहिलं विचारणार, नोकरी कुठे लागेल? यात चूक काहीच नाही, या नोकऱ्यांनीच आपली हॉकी जगवली. पण क्लब म्हणजे नेमकं काय असतं, ते मला आइंडहोवनच्या त्या मैदानावर कळलं.

स्किपोल विमानतळावरून थेट गाडी मिळते, दीड तासाचा प्रवास. आइंडहोवन स्टेशनची इमारत फिलिप्सच्या जुन्या रेडिओसारखी दिसते असं गावातले लोक कौतुकाने सांगतात, आणि ती दिसतेही तशीच. १८९१ मध्ये इथे फिलिप्सने बल्ब करायला सुरुवात केली आणि त्यावरच हे शहर उभं राहिलं. बाकी बघण्यासारखं फारसं नाही, त्यामुळे सरळ मैदानाकडे जाऊ.

मैदान ओरांये-रोड क्लबचं, शहराच्या दक्षिणेला, झाडीत. ओरांये झ्वार्ट आणि ईएमएचसी हे गावातले दोन क्लब २०१६ मध्ये एक झाले, तो हा क्लब. त्यातल्या ओरांये झ्वार्टने २०१५ मध्ये हाच करंडक जिंकला होता. सायकली लावायच्या जागेतच माझी अर्धा तास करमणूक झाली. शेकडो सायकली, आणि लहान मुलांच्या पाठीवर बाणांच्या भात्यासारख्या लटकवलेल्या स्टिक. मोठ्यांचे सामने बघायला आलेली ही पोरं मधल्या वेळेत शेजारच्या टर्फवर आपलं आपलं खेळत होती. कोच नाही, शिट्टी नाही. आठेक वर्षांच्या एका मुलीने उलट्या स्टिकने चेंडू अडवला आणि लगेच वळून पास दिला. आमच्याकडे ही गोष्ट शिकवायला दोन मोसम जातात.

तिकीट तपासणारे, बार सांभाळणारे, पार्किंगला हातवारे करणारे सगळे क्लबचे सभासद. पगार कुणालाच नाही. पिवळं जाकीट घालून कचऱ्याच्या पिशव्या बदलणारे एक गृहस्थ एरवी दातांचे डॉक्टर निघाले. पावणेदोन कोटी वस्तीच्या देशात अडीच लाखांच्या आसपास नोंदणीकृत हॉकी खेळाडू कसे, याचं उत्तर मला त्या कचऱ्याच्या पिशव्यांत मिळालं. सामना संपला की खेळाडू अंघोळ करून त्याच बारमध्ये येतात आणि प्रेक्षकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहतात. ऑलिंपिक पदकवाला माणूस बटाट्याच्या तळलेल्या काड्या मेयोनीजमध्ये बुडवून खात असतो आणि त्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. मी मात्र टक लावून बघत होतो. मावसभावाने कोपराने ढोसलं तेव्हा नजर हलवली.

आता या लीगविषयी. युरोपातल्या देशांच्या साखळी स्पर्धांत वरचे आलेले क्लब यात खेळतात. ज्या देशाचे क्लब आधीच्या मोसमांत चांगले खेळले त्याला जास्त जागा. त्या मोसमात शरद ऋतूत बाद फेरी सुरू झाली आणि ईस्टरला निकाल लागला. २००७ मध्ये लीग सुरू झाली तेव्हापासूनच तिथे नियमांचे प्रयोग चालतात. फ्री हिट मिळाल्यावर दुसऱ्याला पास न देता स्वतःच चेंडू घेऊन पळायचं, ही आज सगळीकडे दिसणारी गोष्ट या लीगने आधी करून बघितली. जागतिक नियमांत ती २००९ मध्ये आली. सामन्याचे चार भागही इथे पहिल्यापासूनचे. आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंना स्वतःलाच पास देणं अजून खटकतं. मला मुळीच नाही, कारण शिट्टी वाजून खेळ थांबला की जी मरगळ येते ती यामुळे गेली.

त्याआधीच्या अकरा मोसमांत करंडक एक तर डच क्लबने नेला, नाहीतर जर्मन. तिसऱ्या कुणाचा नंबरच नाही. आणि सोमवारी, २२ एप्रिलला, फायनलला समोरासमोर होते २०१७ चे विजेते कोलोनचे रोट-वाइस आणि बेल्जियमचे वॉटर्लू डक्स, म्हणजे वॉटर्लूची बदकं. वॉटर्लू म्हणजे तेच, नेपोलियनवालं. कोलोन आणि वॉटर्लू दोन्ही आइंडहोवनपासून गाडीने साधारण सारख्याच अंतरावर, त्यामुळे दोन्हीकडची माणसं सकाळीच येऊन ठाण मांडून बसली होती. डच क्लब फायनलला नाही म्हटल्यावर यजमान प्रेक्षक ज्याला त्याला चिडवायला मोकळे. माझ्या मागच्या बाकावरच्या एका जर्मन आजोबांना कुणीतरी आठवण करून दिली, की १८१५ मध्ये वॉटर्लूला प्रशियन फौज ऐन वेळी पोचली होती, आज जरा लवकर या. आजोबा मनापासून हसले. पहिला गोल होईपर्यंत.

कोलोनकडे क्रिस्टोफर रूर आणि माट्स ग्रामबुश होते, म्हणजे जर्मन संघाची आघाडीच. वॉटर्लूकडे जॉन-जॉन डोमेन, २०१६ चा जगातला सर्वोत्तम खेळाडू, आणि गोलात व्हिन्सेंट व्हॅनाश. व्हॅनाशला तर आपण चांगलेच ओळखतो. डिसेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला बेल्जियमने नेदरलँड्सला शूटआउटवर हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा गोलात हाच होता. टीव्हीवर त्याचे फक्त थोपवलेले चेंडू दिसतात. प्रत्यक्षात तो अखंड बोलत असतो. चेंडू समोरच्या डीमध्ये, म्हणजे पलीकडच्या गोलासमोरच्या अर्धवर्तुळात असला तरी याचा हात हवेत: तू डावीकडे, तू दोन पावलं मागे. पेनल्टी कॉर्नर मिळाला की चौघे बचावपटू मुखवटे चढवतात. त्या काही सेकंदांत तो एकेकाच्या पॅडवर स्टिक टेकवून त्याला काम सांगतो, मग रेषेवर येऊन गुडघ्यात वाकतो. गोलाच्या बाजूच्या रेषेवरून ढकललेला चेंडू डीबाहेर जातो, थांबतो, पहिला बचावपटू गोलातून सुसाट सुटतो, आणि पुढचं इतक्या चटकन होतं की गोलातल्या फळीवर आपटल्याचा आवाज आला तर गोल, नाही आला तर नाही, असंच धरून चालायचं.

तो आवाज कोलोनच्या गोलात चार वेळा आला. ४-०. इतकी एकतर्फी फायनल होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. युरो हॉकी लीग जिंकणारा पहिला बेल्जियन क्लब! वॉटर्लूची पोरं कठडा ओलांडून ओल्या टर्फवर पोटावर घसरत गेली, त्यांच्यामागे त्यांचे आईबापही. हे सगळं योगायोगाने होत नाही. गावोगावच्या क्लबांत दहा-पंधरा वर्षं लहान मुलांवर मेहनत केली की आधी देशाचा संघ वर येतो आणि मागोमाग क्लब. त्याच ऑगस्टमध्ये बेल्जियम युरोपचा विजेता झाला. टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात त्यांनी आपल्यालाच ५-२ ने हरवलं आणि पुढे सुवर्ण नेलं. तो सामना बघताना घरात सगळे हळहळले. मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

परतीच्या आधी ॲमस्टरडॅमला दोन मैदानं बघून आलो. एक १९२८ चं ऑलिंपिक स्टेडियम, विटांचं, आजही दणकट. इथेच जयपालसिंग यांच्या संघाने पहिलं सुवर्ण मिळवलं. फायनलला नेदरलँड्सवर ३-०, आणि अख्ख्या स्पर्धेत आपल्यावर एकही गोल नाही. दुसरं शेजारच्या ॲमस्टेलव्हेनचं वागेनर स्टेडियम. इथे झाली १९७३ च्या विश्वचषकाची फायनल, तीही नेदरलँड्सशीच. सुरजितसिंगच्या दोन गोलांनी आपण सुरुवातीलाच २-० पुढे, मग २-२, जादा वेळेत मिळालेला पेनल्टी स्ट्रोक फुकट गेला आणि शेवटी स्ट्रोकवरच हरलो. तिथल्या गवतावर आता निळं टर्फ आहे. पाणी मारणाऱ्या म्हाताऱ्या माळीबुवांना मी भारतातून आलोय म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, "त्र्याहत्तर! मी त्या गोलामागे उभा होतो." मग नळ तसाच सुरू ठेवून त्यांनी तो स्ट्रोक कसा फुकट गेला ते मला अंगविक्षेपांसह करून दाखवलं. अजिबात गरज नव्हती.

२०२० च्या ईस्टरला कोरोनामुळे सामने झालेच नाहीत, त्यानंतर लीग पुन्हा रुळावर आली. कुणाला जायचं असेल तर जागा बदलत असते हे लक्षात ठेवा आणि राहण्याचं आधी ठरवा, कारण सुट्टीमुळे हॉटेलं भरतात. ईस्टरच्या रविवारी बरीच दुकानं बंद असतात, शनिवारीच दूध-पाव आणून ठेवा. मैदानावर शाकाहारी माणसाला तळलेले बटाटे आणि चीज यांवरच दिवस काढावा लागतो. वहिनींनी दिलेल्या दशम्या मी दुपारपर्यंत संपवल्या. आणि एप्रिल आहे म्हणून नुसते स्वेटर भरू नका. त्या वर्षी पंचवीस अंशांच्या आसपास पारा होता, आणि सावली नसलेल्या बाकावर बसून मावसभावाचं नाक सोललं. तो पुण्याचा असूनही.