सोसायटीचा उन्हाळा: फळ्यावर काय लिहायचं आणि केव्हा

एप्रिल लागला की सोसायटीच्या फळ्यावर ‘पाणी जपून वापरा’ अशी नोटीस लागते, खाली सेक्रेटरींची सही. दर वर्षी मजकूर तोच, आणि त्याने एक बादलीही वाचत नाही. किती पाणी येतं, किती लागतं, किती कमी पडतं, यातलं काहीच त्यात नसतं. उन्हाळ्याच्या प्रत्येक नोटिशीत एक आकडा आणि एक तारीख असलीच पाहिजे, नाहीतर ती लावूच नये, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात पाण्यापासून. शहरी घरासाठी माणशी रोज १३५ लिटर हे आपल्याकडचं प्रचलित मानक. ६० फ्लॅट आणि घरटी चार माणसं धरली तर २४० माणसांना ३२,४०० लिटर. पालिकेच्या मीटरचं रीडिंग रोज सकाळी ठरल्या वेळी वॉचमनने वहीत लिहायचं. दोन दिवसांतला फरक घनमीटरमध्ये असतो, त्याला हजाराने गुणलं की लिटर. समजा २२,००० आले, तर १०,४०० कमी पडले, म्हणजे साधारण एक टँकर. ‘काल आलं २२,०००, टँकर दोन, वापर ४२,०००’ एवढी ओळ फळ्यावर खडूने रोज लिहा. लोक थांबून वाचतात. ३२ लागायला हवं तिथे ४२ का, हा प्रश्न मग कमिटीला विचारावा लागत नाही, सभासदच विचारतात.

उत्तर बहुतेक वेळा गळतीत असतं, आणि ती शोधायची वेळ रात्री एक ते चार. पंप बंद ठेवून गच्चीवरच्या टाकीची पातळी एक वाजता आणि चार वाजता पट्टीने मोजायची. टाकी ४ मीटर बाय ३ मीटर असेल तर तळ १२ चौरस मीटर, म्हणजे पातळी १ सेंटिमीटर उतरली की १२० लिटर गेले. तीन तासांत १० सेंटिमीटर उतरली तर १,२०० लिटर, आणि याच गतीने दिवसाला ९,६००. जवळजवळ अख्खा टँकर रात्रंदिवस गटारात चाललेला असतो. दुसऱ्या रात्री एकेका डाउनटेक पाइपचा (गच्चीवरच्या टाकीतून घरांत पाणी उतरवणाऱ्या पाइपचा) व्हॉल्व्ह बंद करून पाहिलं की कुठली लाइन ते कळतं. त्या लाइनवरच्या घरांत फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून पंधरा मिनिटं फ्लश न करता थांबायचं. कमोडमध्ये रंग उतरला तर आतलं रबर वॉशर गेलेलं आहे. प्लंबरचं काम छोटं, पण त्यासाठी घरात शिरू द्यावं लागतं, म्हणून तपासणीची तारीख आणि वेळ चार दिवस आधी कळवा.

पाणी ठरावीक वेळीच सोडायचं, हा उपाय कमिट्यांना फार आवडतो. मला तो शेवटचा वाटतो. लाइन रिकामी झाली की तिच्यात हवा भरते. व्हॉल्व्ह उघडला की खालचे मजले आधी ओढून घेतात आणि सर्वांत वरच्या मजल्यावर, जिथे दाब मुळातच कमी, तिथे नळ नुसता फुसफुसतो. शिवाय लोक धास्तीने पिंप भरतात आणि दुसऱ्या दिवशी ‘शिळं’ म्हणून ओततात. करायचंच असेल तर डाउनटेकच्या वरच्या टोकाचा हवा जाण्याचा पाइप मोकळा आहे ना ते पाहा आणि तळमजल्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह अर्धाच उघडा. त्यापेक्षा नळांना जाळीचे एअरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी कमी सोडणाऱ्या टोप्या, बसवणं परवडतं. दहा लिटरची बादली ४० सेकंदांत भरत असेल तर तो नळ मिनिटाला १५ लिटर सोडतोय. भांडी घासायला त्याच्या निम्म्यानेही भागतं.

आता टँकर. १० हजार लिटरचा म्हणून येतो, पण मोजून कोणी घेत नाही. जमिनीखालच्या टाकीचा तळ ५ बाय ४ मीटर असेल तर १० हजार लिटरने पातळी बरोबर ५० सेंटिमीटर चढली पाहिजे. बांबूवर सेंटिमीटरच्या खुणा करून ठेवा. टँकर ओतताना पंप आणि पालिकेचं कनेक्शन दोन्ही बंद हवं, नाहीतर माप खोटं. ४२ सेंटिमीटर चढली तर आले ८,४०० लिटर, पावतीवर तेच लिहून ड्रायव्हरची सही घ्या. आठवडाभर मोजलं की पुरवठादार आपोआप भरून पाठवू लागतो.

पाणी कुठलं, हेही विचारा. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर सोबत असावा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतं. पण टीडीएस कमी म्हणजे पाणी निर्जंतुक, ही समजूत घातक आहे. जंतू त्या मीटरला दिसत नाहीत. २०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गुइलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे) रुग्ण वाढले आणि दूषित पाण्याकडे बोट गेलं, तेव्हापासून लोक क्लोरीनबद्दल विचारू लागले आहेत, हे बरंच झालं. प्रमाण असं: चांगल्या प्रतीची ब्लिचिंग पावडर १,००० लिटरला अंदाजे २.५ ग्रॅम, म्हणजे १० हजारांच्या टँकरला २५ ग्रॅम. बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. मग ओटी किटने, म्हणजे क्लोरीन तपासायच्या थेंबांच्या किटने, तपासायचं. पाणी पिवळसर झालं की क्लोरीन उरलेला आहे, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. उघड्या पोत्यातल्या जुन्या पावडरीचा जोर गेलेला असतो, मग कितीही टाका.

टँकरच्या बिलावरून हमखास भांडण होतं. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांत, पाण्याचा खर्च प्रत्येक फ्लॅटमधल्या नळांची संख्या आणि आकार पाहून वाटायला सांगितलंय, चौरस फुटांवर नाही. वेगळं काही करायचं असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालत नाही.

टाकी धुण्याचं काम मार्चअखेर किंवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उरकावं. मे महिन्यात विकतचं पाणी ओतून द्यायला कोणाचा हात धजत नाही, मग काम थेट पावसाळ्यात जातं. टाकीला दोन कप्पे असतील तर एका वेळी एकच. आदल्या रात्री पंप न लावता पाणी वापरून खाली आणा, तळाचं वीतभर उरेल ते गाळासकट मडपंपाने काढा. भिंती नायलॉनच्या ब्रशनेच घासायच्या. तारेच्या ब्रशने सिमेंटचा थर निघतो आणि शेवाळ्याला नवी जागा मिळते. मग ब्लिचिंगच्या निवळीचा हात फिरवून अर्धा तास ठेवायचं, पुन्हा धुवायचं. बंद टाकीत क्लोरीनचा वास कोंडतो, म्हणून झाकणं आधीपासून सगळी उघडी, आत दिवा कमी व्होल्टेजचा, तोंडाला मास्क आणि दोर धरून एक माणूस बाहेर उभा. ॲसिड आत अजिबात न्यायचं नाही. ब्लिचिंगशी गाठ पडली की विषारी वायू सुटतो.

धुताना निघालेलं स्वच्छ पाणी वाया घालवू नका, त्यावर गच्चीची गळती तपासून घ्या. संशयित भागाभोवती सिमेंटचा छोटा बांध घालून, पावसाच्या पाइपचं तोंड कापडाने बुजवून इंचभर पाणी ४८ तास उभं ठेवायचं. २०० चौरस मीटरच्या गच्चीला असं पाणी ५,००० लिटर लागतं, म्हणून सगळी गच्ची भरायची नाही. खालच्या फ्लॅटच्या छतावर खडूने डागाची कड आखून ठेवा आणि डाग कडेबाहेर सरकतो का पाहा. त्याआधी एक फुकटची परीक्षा: भर मे महिन्यात, कित्येक महिने पाऊस नसताना डाग ओला असेल तर तो गच्चीचा नाही, पाइपचा किंवा न्हाणीघराचा आहे. हा फरक पैशाचा आहे. गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याचं छत खराब झालं तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. न्हाणीघर, संडास किंवा सिंकची घरातली गळती संबंधित फ्लॅटधारकांची.

गच्चीचा कोबा (वरचा सिमेंटचा थर) सहसा मधे फुटत नाही, तो पॅरापेटच्या, म्हणजे कठड्याच्या, कडेला सुटतो. उन्हाने स्लॅब पसरतो, रात्री आकसतो, आणि तिथला वाटा (गच्ची आणि भिंतीच्या सांध्यावरचा सिमेंटचा गोलसर उतार) भिंतीपासून वेगळा होतो. नुसता वरून रंगासारखा कोट मारणारा कंत्राटदार स्वस्त पडतो, पण पुढच्या वर्षी पुन्हा येतो. भेग आधी व्ही आकारात खोदायची, धूळ काढायची, पॉलिमरच्या मॉर्टरने भरायची, वाट्यावर फायबरची जाळी दाबायची आणि मग दोन कोट, दुसरा पहिल्याला आडवा. पृष्ठभाग कोरडा हवा, पण भर दुपारी कोट मारू नये. वरची साय आधी वाळते आणि खाली फुगे धरतात. सकाळी दहाच्या आत किंवा उन्हं उतरल्यावर. पुढचे सात दिवस गच्चीला कुलूप.

इथेच कुरडया आणि पापड आडवे येतात. गच्चीचे दोन भाग करा: १५ एप्रिलपर्यंत पूर्वेकडचा भाग वाळवणाला, पश्चिमेकडचा कामाला, नंतर अदलाबदल. किल्ली वॉचमनकडे, वहीत नाव आणि वेळ. सोलर पॅनेलवर चादरी वाळत घालणाऱ्यांसाठी वेगळी नोटीस लागते, दुर्दैवाने.

सगळ्या कामांची अखेरची तारीख १५ मे धरा. मोसमी पाऊस मुंबईत येण्याची सरासरी तारीख ११ जून आहे खरी, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला आणि अर्ध्या सोसायट्यांच्या गच्च्या उकरलेल्या राहिल्या असतील. वळीव तर त्याच्याही आधी. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला जाहिरात फलक कोसळला तो अशाच धुळीच्या वादळात. गच्चीवरचे सुटे पत्रे, डिशच्या छत्र्या, कुंड्या खाली आणायला त्याहून मोठं कारण नको.

झाडांच्या फांद्यांसाठी १९७५च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष कायद्याखाली पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्या. अर्ज मार्चमध्येच करा, पाहणीला वेळ लागतो. कापणाऱ्याला सांगून ठेवा की इमारतीकडची बाजू तेवढी भादरायची नाही. एकीकडचं वजन कमी झालेलं झाड वाऱ्यात दुसरीकडे, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांवर कलतं. नारळाच्या झावळ्या आणि पिकलेले नारळ मात्र सगळे उतरवा.

ड्रेनेजचे चेंबर जेटिंग मशिननेच, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी मारणाऱ्या यंत्रानेच, साफ करायचे. दोनशे रुपयांत माणूस उतरवून देणारे अजून भेटतात. सुरक्षा साधनांशिवाय सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात सफाईला माणूस उतरवणं हा हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि गटारातल्या वायूने माणूस जातो तो मिनिटांत.

आता आनंदाच्या गोष्टी. १ मे रोजी सकाळी झेंडावंदनाला वर्षातली सर्वांत जास्त माणसं खाली जमतात. चहा यायच्या आधीची पंधरा मिनिटं आगीच्या तयारीला द्या: होज रील (आग विझवायची गुंडाळलेली नळी) पूर्ण उलगडायची, नोझल उघडायचं, फायर पंप चालू करून दाब किती ते पाहायचं, पाणी झाडांवर सोडायचं. अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, पण कागद आणि पंप यांत अंतर असतं. टंचाईत फायर टँकमधलं राखीव पाणी वापराच्या टाकीत घ्यायचा मोह काही कमिट्यांना होतो. एसीच्या लोडने मीटर रूम तापलेली असते त्याच महिन्यांत. तो व्हॉल्व्ह कुलूपबंद ठेवा, आणि मीटर रूममधल्या जुन्या सायकली त्याच दिवशी बाहेर काढा.

आंब्याची एकत्र खरेदी करणार असाल तर आगाऊ पैसे घेऊनच ऑर्डर द्या, आणि खराब फळाचा नियम आधी ठरवा. हापूसमधला साका, म्हणजे गरातला पांढरट स्पंजासारखा खराब भाग, बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो. म्हणून कापल्या दिवशी फोटो, पुढच्या पेटीत फळ बदलून. पेटी कच्ची घ्या, पेंढ्यात एका थरात पसरा, पिकेपर्यंत फ्रिज दाखवू नका. कॅल्शियम कार्बाइडने पिकवायला बंदी आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर एवढ्याच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन आहे, ते बागायतदाराकडून विचारून घ्या. २० मेनंतर ऑर्डर नको. पावसाचा शिडकावा झाला की फळमाशीच्या अळ्या निघतात.

मुलांचं शिबिर सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. दुपारी फक्त क्लब हाउसमध्ये कॅरम आणि बुद्धिबळ. गच्चीवर पतंग किंवा क्रिकेट नाही, पॅरापेट कितीही उंच असो. रात्री पडद्यावर सिनेमा दाखवलात तर स्पीकर दहाला बंद, हा कायदाच आहे, आणि परीक्षा देणारं एखादं घर प्रत्येक मजल्यावर असतं.

खजिनदारांसाठी उरलेल्या तारखा: ३१ मार्चला वर्ष संपलं, हिशेब ४५ दिवसांत म्हणजे मेच्या मध्यापर्यंत तयार, लेखापरीक्षण ३१ जुलैपर्यंत, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत आणि तिची नोटीस १४ दिवस आधी. टँकरची सहीची पावतीपुस्तकं आणि बांबूच्या मापाची वही हिशेबाच्या फायलीलाच लावा. टँकरच्या खर्चावर सभेत पहिला प्रश्न येतो.