लांगटांग: घरांमधून जाणारी डोंगरवाट

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना एक सवय जडलेली असते. पायथ्याचं गाव, वर किल्ला, टाक्यातलं गार पाणी आणि अंधार पडायच्या आत खाली. नेपाळच्या लांगटांग खोऱ्यात ही सवय पहिल्याच दिवशी मोडते. इथे वाट नदीचा काठ धरून आत आत जात राहते आणि आपण तिच्या मागोमाग. काठमांडूच्या उत्तरेला, तिबेटच्या सीमेलगतचं हे खोरं. आम्ही गाडी सोडली स्याफ्रुबेसीला. या गावाची उंची साधारण दीड हजार मीटर, आणि कळसूबाईचा माथा १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्र जिथे संपतो, जवळपास तिथूनच इथली पायपीट सुरू होते.

सुरुवातीचं जंगल दाट आहे. बांबू, ओक, शेवाळाने मढलेली खोडं, खाली लांगटांग खोला या नदीचा अखंड गडगडाट. एप्रिल असल्यामुळे लालीगुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची झाडं, फुलले होते. खाली लालभडक, वर जावं तसे गुलाबी, आणखी वर पांढरट.

पण मला या वाटेचा लळा लागला तो माणसांमुळे. ही वाट ट्रेकरांसाठी कुणी आखलेली नाही, हा इथल्या लोकांचा रोजचा रस्ता आहे. वरच्या गावांत मोटार जात नाही. मीठ, तांदूळ, गॅसचं सिलिंडर, छपराचे पत्रे, सगळं खेचरांच्या नाहीतर माणसांच्या पाठीवरून जातं. एका चढावर प्लायवूडचे ताव घेतलेला भरिया, म्हणजे ओझं वाहणारा हमाल, आमच्या पुढे होता. ओझ्याखालून घेतलेला पट्टा, म्हणजे नाम्लो, कपाळावर ताणलेला. हातात आखूड काठी, टोकाला आडवी मूठ. दर थोड्या अंतरावर तो थांबायचा, काठी मागे ओझ्याखाली टेकवायचा, उभ्या उभ्याच सगळा भार तिच्यावर सोडायचा, एक लांब शीळ घालत श्वास सोडायचा आणि पुन्हा निघायचा. ओझं जमिनीवर ठेवलं तर पुन्हा उचलायला दुसरा माणूस लागतो, म्हणून ही युक्ती. मी माझ्या सॅकचे बंद सारखे केले आणि त्याच्या लयीत चालायला लागले. त्या दिवसानंतर मला धाप कमी लागली.

घोडातबेला हे ठिकाण ओलांडल्यावर झाडी विरळ होते, खोरं रुंदावतं आणि वाटेच्या मधोमध मणी-भिंती लागतात, मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांबच लांब रांगा. भिंत उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. प्रदक्षिणेची दिशा आपल्यासारखीच, त्यामुळे पाय आपसूक बरोबर बाजूला वळतात. ओढ्यांवर पाण्याने फिरणारी प्रार्थनाचक्रं आहेत, बारमाही वाहत्या पाण्याचा जप.

मग लांगटांग गाव. २५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. वरच्या उतारावरून बर्फ आणि खडक सुटले आणि अख्खं गाव त्याखाली गाडलं गेलं. गावकरी आणि ट्रेकर मिळून तीनशेच्या आसपास माणसं गेली. कड्याच्या आडोशाला असलेलं एक घर तेवढं उभं राहिलं. आजची वाट त्याच दगडांच्या राशीवरून जाते. गेलेल्यांची नावं कोरलेलं स्मारक वाटेवरच आहे. मी ती नावं वाचली. एकाच घरातली वाटावीत अशी लागोपाठ आलेली नावं वाचताना पुढे सरकवत नव्हतं.

नवं गाव थोडं वर वसलंय. आमच्या लॉजची मालकीण त्या दिवशी काठमांडूला होती, म्हणून वाचली. चुलीपाशी ती भात वाढत असताना मी विचारलं, "दिदी, परत इथेच का बांधलंत?" ती हिंदीत म्हणाली, "जमीन इथे आहे, चौंरी (याक-गायीच्या संकराची दुभती जनावरं) इथे आहेत. आणि तुम्ही लोक येता ना." एवढं बोलून तिने आणखी एक डाव डाळ ताटात ओतली. दालभात मागाल तितक्या वेळा वाढायचा, ही इथली रीतच आहे. हिमशिखरं सुंदर आहेतच, पण त्यांच्या पायथ्याशी कुणीतरी चूल पेटवून आपली वाट बघतंय, हे नेपाळच्या डोंगरांचं खरं वैभव आहे. आपल्या मुक्कामाच्या पैशातून त्या छपराचे पत्रे येतात. ही जाणीव ठेवून चालणारा ट्रेकर घासाघीस करत नाही, आणि करूही नये.

शेवटचं गाव क्यान्जिन गुम्बा, साधारण ३८७० मीटरवर. इथे १९५०च्या दशकात स्विस मदतीने सुरू झालेला चीजचा कारखाना आहे. चौंरीच्या दुधाचं कडक, किंचित खारट चीज तिथे वजनावर मिळतं. कारखान्यामागून क्यान्जिन री या शिखराचा चढ सुरू होतो. वाट खडी, माती भुसभुशीत, हवा पातळ. वर ध्वजांच्या माळा फडफडत होत्या, समोर ७२२७ मीटरचा लांगटांग लिरुंग आणि त्याची हिमनदी, आणि खाली निळ्या पत्र्यांचं गाव. दिदीच्या चौंरी चरतात ती कुरणंही तिथून दिसत होती. मी लिरुंगाइतकाच वेळ त्यांच्याकडेही बघत बसले.

जायचं असेल तर फुलांसाठी एप्रिल, स्वच्छ आकाशासाठी दसऱ्यानंतरचा महिनाभर. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची हळूहळू वाढवा, क्यान्जिनला एक रात्र जास्तीची ठेवा, डोकं दुखत राहिलं तर वर न चढता खाली उतरा. उतरताना ठुलो स्याफ्रू गावाकडे वळलात तर गोसाईकुंड या पवित्र तळ्याची वाट धरता येते. आपण राखी बांधतो त्या पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. माझी पुढची खेप तिकडची आहे.