सीआरपी नॉर्मल होता, मग ऑपरेशन कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गेल्या वर्षी माझं आतड्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून हा प्रश्न सारखा येतो, आत्याकडून, ऑफिसातून आणि जास्त करून ज्यांच्या मुलांना नुकतंच क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार) निघालंय अशा आईवडलांकडून, की तुझी इंजेक्शनं वेळेवर चालू होती, सीआरपी, म्हणजे रक्तात दिसणारी सुजेची खूण, नॉर्मल होता, मग आतडं कापावं का लागलं, औषध लागू पडलं नाही का?

लागू पडलं होतं हो. सूज खरंच उतरली होती. पण सूज उतरल्यावर मागे वण राहिला होता, आणि वणावर ते इंजेक्शन चालत नाही.

मला काय व्हायचं ते सांगते. जेवून तासभर झाला की बेंबीच्या उजवीकडे गुरगुर सुरू व्हायची, मग पोटावर चक्क एक उंचवटा उठायचा, हात ठेवला तर हाताखालून सरकताना कळायचा, आणि कळ अशी यायची की मी ओट्याला धरून वाकून उभी राहायचे, मग खळखळ आवाज होऊन एकदम सगळं शांत. अरुंद जागेतून अन्न रेटलं जात होतं. मक्याचं कणीस, शेंगदाणे, सगळं बंद केलेलं. ऑपरेशन झाल्यावर सर्जननी नवऱ्याला कापलेला तुकडा ट्रेमध्ये दाखवला, दीड वीत असेल. ग्लोव्ह घालून त्याने दाबून बघितला तर सायकलच्या टायरसारखा टणक, आणि आतली वाट जेमतेम पेन्सिल जाईल एवढी.

हे टणक काय असतं? कोलॅजन. जखम झाली की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजन घालून ती सांधतात, हाताला भाजलं तरी हेच होतं. पण क्रोन्समध्ये जखम भरते, परत होते, परत भरते, वर्षानुवर्षं, आणि तीही वरवर नाही तर आतड्याच्या भिंतीच्या सगळ्या थरांतून. मग भिंत एकदा कडक झाली की तो कडकपणाच त्या पेशींना अजून कोलॅजन बनवायला लावतो, सूज असो वा नसो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये हे दिसत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी रात्र रात्र वाचत बसले ती. १९६२ मध्ये फेरुच्चो रितोसा नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने केळ्यांवर घोंघावतात त्या चिलटांच्या पेशींमध्ये बघितलं की तापमान वाढलं की काही जीन्स अचानक कामाला लागतात. पुढे त्यातून बनणारी प्रोटीन्स सापडली, हीट शॉक प्रोटीन्स, थोडक्यात एचएसपी, पेशीवर ताण आला की धावून येणारी. यांचं काम म्हणजे दुसऱ्या प्रोटीन्सना नीट आकारात घडी घालायला मदत करणं. एचएसपी७० सारखी काही आतड्याच्या अस्तराला सांभाळतात. आणि एक आहे एचएसपी४७, ती फक्त कोलॅजनची.

मी तिला पाठराखीण म्हणते. कोलॅजन तीन पेडांच्या वेणीसारखं असतं, ती वेणी सुटू नये म्हणून एचएसपी४७ तिला धरून राहते, पेशीतल्या कारखान्यातून पुढच्या टप्प्यापर्यंत पोचवते, तिथे आम्लता थोडी वाढते तशी हात सोडते आणि परत माघारी येते, पुढच्या वेणीसाठी. अगदी नवरीला सासरी पोचवून परतणारी पाठराखीण.

क्रोन्सच्या आतड्यात ही पाठराखीण वाढलेली असते. जपानमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की आयएल-१७ हा सुजेचा एक निरोप्या आतड्यातल्या पेशींना एचएसपी४७ आणि कोलॅजन दोन्ही जास्त बनवायला लावतो. मग आयएल-१७ च अडवा ना, असं मलाही वाटलं. पण सोरायसिसला चालणारं तसलंच एक औषध, सेक्युकिनुमॅब, क्रोन्सच्या पेशंटना देऊन बघितलेलं होतं, २०१२ मध्ये निकाल आला, उपयोग झाला नाही, उलट त्रास वाढला. आणि एचएसपी४७ सरसकट बंद करावी तर ती हाडांना, त्वचेलाही लागतेच, ती अजिबात नसलेले उंदीर गर्भातच मरतात, माणसात तिचा जीन बिघडला तर हाडं काचेसारखी ठिसूळ होतात. म्हणजे फक्त आतड्यात, फक्त त्या जागी तिला आवरायला हवं, आणि ते अजून जमलेलं नाही. फुप्फुसातल्या वणासाठी पिरफेनिडोन, निंटेडॅनिब आहेत, आतड्याच्या वणासाठी मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. म्हणून फुगा घालून रुंद करतात, नाहीतर कापतात. माझी जागा फुग्यासाठी फार लांब होती.

आणि हो, आपल्याकडे अजून एक भानगड. आतड्याचा टीबीही नेमका तिथेच बसतो, लहान आतडं संपतं तिथे, आणि तोही वाट अरुंद करतो. त्यामुळे मला आधी सहा महिने टीबीच्या गोळ्या होत्या. दोष कुणाचा नाही, दोन्ही दिसतातच सारखे, पण तेवढ्या महिन्यांत वण वाढत राहिला असणार असं मला वाटतं.

त्यामुळे तुमच्या मुलाच्या रिपोर्टवर स्ट्रिक्चर, म्हणजे आतड्याची अरुंद झालेली जागा, असं लिहिलं असेल तर फक्त सीआरपी बघून निर्धास्त होऊ नका प्लीज. डॉक्टरांना विचारा, एमआर एंटेरोग्राफी, म्हणजे आतड्याचा एमआरआय, करून यात सूज किती आणि वण किती याचा अंदाज येईल का, अरुंद जागेच्या मागे आतडं फुगलंय का. जेवल्यावर पोटात गोळा येऊन खळखळून सुटतो का, हे मुलालाही विचारा, मुलं सांगत नाहीत.

माझी इंजेक्शनं चालूच आहेत, कारण हा आजार बरेचदा टाके घातलेल्या जोडाजवळच परत उगवतो. सहा महिन्यांच्या स्कोपीत जोड स्वच्छ होता. पुढची दिवाळीनंतर.