दोनच रेषा

सभागृहातले दिवे मंद झाले, सरांची सातवी स्लाइड पडद्यावर आली आणि माझ्या पोटात गोळा आला. आलेख माझाच होता. दोन उपचारगटांचे कॅप्लान-मायर वक्र, म्हणजे काळ जाईल तसे किती रुग्ण तग धरून राहतात याचा अंदाज दाखवणारे वक्र, एक निळा, एक नारिंगी, जिन्यासारखे पायरीपायरीने उतरत जाणारे. मागच्या रांगेतूनही आकडे वाचता येत होते, रेषा अगदी धारदार. फक्त रेषांभोवतीचे फिकट पट्टे नव्हते. एकाही गटाचा नव्हता.

हे काम न करणाऱ्यांना तो पट्टा म्हणजे सजावट वाटते. रेषेवरून अंदाज कळतो आणि तो किती डळमळीत आहे ते पट्ट्यावरून. आमच्या अभ्यासात दोन वर्षांनंतर एका गटात बोटांवर मोजण्याइतकेच रुग्ण निरीक्षणाखाली उरले होते. त्यामुळे उजवीकडे त्यांचा पट्टा इतका रुंद झाला होता की दुसऱ्या गटाची रेषा पूर्णपणे त्याच्या पोटात गेली होती. (नुसते पट्टे एकमेकांवर आले म्हणून फरक नाहीच असं ठरत नाही, हे मलाही माहीत आहे. इथली गोष्ट त्याच्या बरीच पुढची होती.) पडद्यावर मात्र एकमेकींपासून लांब जाणाऱ्या दोन स्वच्छ रेषा होत्या.

आलेख काढायला मला अर्धा तास लागला होता. तो स्लाइडवर नीट बसवायला दोन दिवस. रुंद स्लाइड 13.33 बाय 7.5 इंचांची असते. त्यात आलेखाला 12 बाय 6 जागा मिळणार असेल, तर तो सेव्ह करतानाच 12 बाय 6 चा करायचा. एवढं साधं गणित मी आजवर किती जणांना समजावलं असेल! आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या जीजीप्लॉट या आलेखांच्या पॅकेजमध्ये मूळ अक्षर 11 पॉइंटचं आणि अक्षांवरचे आकडे त्याच्या 0.8 पट, म्हणजे 8.8 पॉइंटचे. 'मोठा सेव्ह केला की मोठा दिसेल' म्हणून लोक 20 इंची आलेख करतात आणि स्लाइडवर आणून 12 इंचांत दाबतात. आकडे उरतात जेमतेम सव्वापाच पॉइंटचे. रुंदी-उंची दिलीच नाही, तर जीजीसेव्ह, म्हणजे आलेख सेव्ह करणारं फंक्शन, त्या क्षणी आलेखाची खिडकी जेवढी उघडी असेल तेवढं माप उचलतं. सकाळी केलेला आलेख आणि दुपारी केलेला आलेख वेगळा का दिसतो, म्हणून डोकं खाजवत बसलेले लोक मी पाहिले आहेत. आणि '300 डीपीआयच हवं' असा हट्ट धरणाऱ्यांना एकच सांगते, 1920 ठिपक्यांच्या प्रोजेक्टरवर 13.33 इंचांची स्लाइड म्हणजे इंचाला 144 ठिपके. बाकीचे ठिपके फक्त फाइल फुगवतात.

तर हे सगळं मी चोख केलं होतं. माप बरोबर, अक्षर 18 पॉइंटचं, रंगांधळ्यांनाही वेगळे दिसतील असे रंग. चूक भलत्याच ठिकाणी झाली.

सरांनी बजावलं होतं, "मागच्या वेळी तुम्ही चित्र दिलंत, त्यातली एक रेघ जाड करता आली नाही मला. या वेळी हात लावता येईल असं द्या." विंडोजवर याचा सोपा मार्ग ईएमएफ. वेक्टर फाइल, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकार साठवणारी, पॉवरपॉइंटमध्ये अनग्रुप केली की सगळे तुकडे सुटे होतात. पण आरमधल्या मूळ ईएमएफ डिव्हाइसला, म्हणजे ती फाइल लिहिणाऱ्या भागाला, अर्धपारदर्शक रंग झेपत नाहीत, आणि माझे पट्टे तसल्याच रंगाचे होते. पट्टा गडद, भरीव असा उमटला असता तर कुणाच्याही डोळ्यांत भरला असता. हे डिव्हाइस तो काढतच नाही. सोडून देऊन पुढे जातं.

आर त्याबद्दल इशारा देतं, पानामागे एकदाच. मी मात्र त्या स्क्रिप्टमध्ये सगळे इशारे बंद करून ठेवले होते, कारण प्रत्येक आलेखामागे 'अमुक ओळी गाळल्या' अशी कुरकुर ऐकून कंटाळले होते. एकाच फटक्यात पीडीएफ आणि ईएमएफ दोन्ही बनत होत्या. तपासली मी पीडीएफ. तिच्यात पट्टे व्यवस्थित होते. पाठवली ईएमएफ.

तरीही एक कुंपण शिल्लक होतं. वक्रांखाली, कोणत्या महिन्यात प्रत्येक गटात किती रुग्ण उरले होते, त्याचा तक्ता दिला होता. तो सरांनी कापला. "खाली आकड्यांची फार गर्दी होते." हात लावता येईल अशी फाइल मागितली होती, लावला हात.

पहिल्या रांगेतून प्रश्न आला, "म्हणजे दोन वर्षांनंतर फरक स्पष्टच होतो?"

सर म्हणाले, "दिसतंयच की."

मी उभी राहिले. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगते, की उभी तरी राहिले. आणि म्हणाले काय? "सर, ईएमएफ एक्स्पोर्ट करताना पारदर्शकता गेली आहे."

कुणीतरी हसलं. "आम्हाला तर छान दिसतंय." सरही हसले. "आमच्या मॅडम फार चोखंदळ आहेत," म्हणाले आणि आठवी स्लाइड आली. मी बसले.

त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं, पण त्या खोलीत त्याचा अर्थ फक्त मला कळत होता. 'उजव्या टोकाला मोजकेच रुग्ण आहेत, तिथल्या फरकावर विसंबू नका' एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी फाइलबद्दल बोलले, कारण फाइलमधली चूक माझी होती आणि डोक्यात तीच घोळत होती.

संध्याकाळी दुरुस्तीला बसले. पट्ट्यांना भरीव फिकट रंग दिला तर एक पट्टा दुसऱ्याला झाकतो, तेही नेमकं जिथे दोन्ही दिसायला हवेत तिथे. कडा तुटक रेषांनी काढल्या तर ईएमएफमध्ये टिकतात, पण चार तुटक रेषांचं जाळं होतं. शेवटी ऑफिसर आणि आरव्हीजी ही पॅकेजं वापरून थेट पॉवरपॉइंटच्या आकारांतच आलेख काढला. पारदर्शकता शाबूत आणि रेघ जाड करायचीही सोय. खाली तक्ता पुन्हा जोडला आणि ईमेलमध्ये या वेळी साध्या मराठीत लिहिलं, की उजव्या भागावरून काहीही ठरवता येणार नाही.

सरांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "पाहिलं. कालचा जास्त सुटसुटीत होता. हा जरा गोंधळाचा वाटतो, नाही?"

गोंधळ होताच त्यात, आणि तो रुग्णांच्या संख्येतून आला होता. हेही मी लिहून कळवलं. त्यावर अंगठा आला.

मागच्या आठवड्यात तो आलेख मला दुसऱ्याच कुणाच्या सादरीकरणात दिसला. स्क्रीनशॉट काढलेला असावा, अक्षरांच्या कडा धुरकटल्या होत्या आणि उभा ताणल्यामुळे पायऱ्या उंच झाल्या होत्या. शीर्षक बदललेलं. रेषा मात्र त्याच, दोनच.