जुन्या गोव्यातील चर्च: ज्येष्ठांनी बसने आणि पायी पाहावीत अशी

सत्तरी ओलांडलेल्यांनी जुने गोवे पाहायचे तर दारापासून दारापर्यंत गाडी हवीच, असा समज आमच्या परिचितांमध्ये पक्का आहे. या हिवाळ्यात आम्ही पती-पत्नी रेल्वे, बस आणि पायी चालणे एवढ्यावरच तेथील चर्च पाहून आलो. माझे मत असे झाले की बसने जाणाऱ्यालाच हे ठिकाण नीट पाहता येते, कारण बाहेर थांबलेल्या चालकाची घाई त्याच्यामागे नसते आणि थकल्यावर चर्चमधील बाकावर हवा तितका वेळ बसता येते.

मुंबईहून कोकणकन्या किंवा मांडवी एक्स्प्रेसने येणाऱ्यांनी मडगावपर्यंत न जाता करमळीला उतरावे. जुने गोवे आणि पणजी या दोन्हींना हेच स्थानक जवळचे आहे. रेल्वेभाड्यातील ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद असली, तरी ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो, तो आरक्षण करतानाच निवडावा.

मुक्काम पणजीत, बसस्थानकापासून फार लांब नसलेल्या ठिकाणी करणे सोयीचे ठरते. तेथून जुने गोवे सुमारे १० किलोमीटरवर आहे आणि कदंबच्या (गोव्याच्या सरकारी परिवहन महामंडळाच्या) तसेच खासगी बस दिवसभर मिळतात. फोंड्याकडे जाणाऱ्या बसमध्येही बसता येते, मात्र ती जुन्या गोव्यातील गांधी सर्कलला थांबते का, हे चढण्यापूर्वी वाहकाला विचारावे. लहान खासगी बसच्या पायऱ्या उंच असतात आणि आतली वाट अरुंद असते. भरलेली बस सोडून देऊन पुढचीची वाट पाहणे केव्हाही बरे. स्वच्छतागृहाचा वापर पणजीतच करून निघावे आणि पाणी जवळ ठेवावे.

गांधी सर्कलला उतरल्यावर समोर बॉम जेझस बॅसिलिका दिसते, आणि बहुतेक जण तिकडेच वळतात. आम्ही मात्र आधी पश्चिमेकडचा चढ चढलो, कारण ऊन वाढल्यावर तो चढ गुडघ्यांना आणि श्वासाला दोन्हींना जड जातो. वर सेंट ऑगस्टीन चर्चचे अवशेष आहेत. १८३५ मध्ये पोर्तुगीज राजवटीत ख्रिस्ती धर्मसंघांवर बंदी आल्यानंतर ही वास्तू ओस पडली, १८४२ मध्ये तिचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भागासह मनोऱ्याचा मोठा भाग पडला. सुमारे ४६ मीटर उंचीच्या त्या मनोऱ्याचे जे उरले आहे, ते जांभ्याचे उघडे बांधकाम पाहताना मन खरोखर हेलावते. येथील घंटा आज पणजीच्या चर्चमध्ये आहे. अवशेषांतील जमीन उंचसखल आहे, त्यामुळे काठी आणि घट्ट बसणारी पादत्राणे आवश्यक आहेत.

उतरून बॉम जेझसमध्ये यावे. १५९४ मध्ये बांधकाम सुरू होऊन १६०५ मध्ये या चर्चचे पवित्रीकरण झाले. तांबूस जांभ्याच्या भिंतींवर जे काळसर कोरीव काम दिसते, त्याचा बेसाल्ट वसईकडून आणलेला आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्याने तो मुद्दाम पाहावा. भिंतींवरचा चुन्याचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढला गेला. मूळचा सच्छिद्र जांभा तेव्हापासून पावसात भिजतो आहे, आणि तो गिलावा पुन्हा चढवला जावा असे मला मनापासून वाटते. आत सेंट फ्रान्सिस झेवियर या सोळाव्या शतकातील ख्रिस्ती धर्मप्रचारकाची चांदीची शवपेटिका उंचावर आहे. मान उंच करून उभे राहणे कठीण वाटल्यास थोडे मागे सरकून पाहावे, तेथून ती अधिक स्पष्ट दिसते.

रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल आणि असिसीच्या सेंट फ्रान्सिसचे चर्च एकाच आवारात आहेत, आणि तेथे चढ नाही. कॅथेड्रलचे काम १५६२ मध्ये सुरू झाले. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला गेला नाही. दुपारचा वेळ या विशाल, गार दालनात घालवावा. शेजारच्या मठातील पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असते. पुढे सेंट कॅजेटन चर्च आणि व्हाइसरॉयची कमान आहे. कमानीपलीकडच्या धक्क्यावरून दिवाडी बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत पायी प्रवाशांना भाडे पडत नाही, पण त्या बेटासाठी वेगळा दिवस ठेवावा.

परतीसाठी चारच्या सुमारास बस धरावी, कारण त्यानंतर कामावरून सुटणाऱ्यांची गर्दी होते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत, आणि रविवारी सकाळी प्रार्थनेची वेळ टाळून जावे. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा सण असतो आणि त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना ही विशेष प्रार्थना चालते. ज्यांना यात्रेची गर्दी सोसत नाही, त्यांनी जानेवारी किंवा फेब्रुवारीतील कामाचा दिवस, शुक्रवार सोडून, निवडावा.