आमची वाटचाल : पाणी पाजता पाजता

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये आधी डाय-पंचची जॉबवर्क चालायची. सुऱ्यांचं वेड लागलं ते एक जपानी होन्याकी सुरी हातात आली तेव्हा. अख्खं पातं एकाच पोलादाचं आणि धारेच्या जरा वर ढगाच्या कडेसारखी धुरकट रेघ. तिला हामोन म्हणतात. मला वाटलं, ॲसिडनं काढलेली नक्षी असेल.

नक्षी नव्हेच ती. पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप देतात, धार जवळजवळ उघडी. लाल तापवून विझवलं, म्हणजे पाण्यात किंवा तेलात बुडवून 'पाणी पाजलं', की धार झटक्यात गार होऊन कडक होते. मातीखालची पाठ सावकाश निवते, चिवट राहते. दोन्ही जिथं भेटतात तिथं ती लाट.

कळायला दहा मिनिटं लागली, जमायला वर्ष. स्वस्त पडतात म्हणून ट्रकचे कमानपाटे आणले. कोयते त्यांचे झकास होतात. पण त्यातल्या सिलिकॉन-मँगनीजमुळे पाणी, म्हणजे कडकपणा, खोलवर चढतं, मातीखालची पाठसुद्धा कडक होते. आठ पाती घासून पाहिली, सगळी कोरी! शेवटी गावच्या लोहारमामांना फोन केला. "अरे, जुनी कानस घे की. तिला पाणी वरवरच चढतं." आमची पहिली लाट भंगारातल्या कानशीवर उमटली. आता १०९५ पोलाद घेतो. कार्बन एक टक्क्याच्या आसपास, मँगनीज कमी.

मग विझवण्याचं दुखणं. पाण्यात लाट ठसठशीत येते, पण मधूनच 'टिण्' असा बारीक आवाज होतो आणि शेडमधले सगळे गप्प होतात. पातं तडकलेलं असतं. अशी तडकलेली पाती खिळ्याला टांगून ठेवलीत, नव्या पोरांना दाखवायला. हल्ली आम्ही कोमट, पातळ क्वेंचिंग ऑइल वापरतो. लाट थोडी मवाळ येते. पाण्याशिवाय होन्याकी नाही म्हणणारे नाक मुरडतात. पण सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जपानमधल्या साकाई शहरातही तेलात विझवलेली होन्याकी बनते.

त्यानंतर ठिसूळपणा घालवायला पातं २०० अंशांवर दोनदा दोन-दोन तास तापवायचं. एवढं होऊनही पातं काळंमळकटच दिसतं. पॉलिश पेपरनं तासन्‌तास घासायचं, मग पातळ केलेलं फेरिक क्लोराइड, तेच सर्किट बोर्डवाले वापरतात ते. पुसलं की लाट वर येते. यावर गिऱ्हाईक विचारतं, "लेझरनं काढलीय का हो?"

एका काकूंनी भाजीची नाकिरी नेली. कैरी चिरून रात्रभर तशीच ठेवली, सकाळी पातं काळंनिळं. "दादा, विळीचं एवढं कौतुक कधी करावं लागलं नाही," म्हणाल्या. खरंच होतं, हे पोलाद गंजतं, हे आम्ही सांगायलाच विसरलो होतो. पातं फुकट घासून दिलं. जपानात कॅमेलियाचं तेल लावतात. आम्ही तेव्हापासून प्रत्येक डब्यात खोबरेलाची चिमुकली बाटली टाकतो.